कुठं बघू नकोस

ट्रकमधून उतरताना आप्पासाहेबांच्या कमरेत उसण भरली आणि गोजरचा सगळा दिवस नासला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असायचं कारण नव्हतं. आप्पासाहेब खरेदी-विक्री संघाचे मॅनेजर, अंगानं भरलेले. ट्रकचा फाळका उघडल्यावर कुणाच्या हाताची वाट न बघता कॉलेजातल्या पोरासारखी उडी मारायला गेले आणि कमरेला हात लावून जे वाकले ते वाकलेच. चांदबीबीच्या महालासमोरच्या त्या उघड्या माळावर संघाची सगळी माणसं, त्यांच्या बायका, पोरं, भाकरीच्या टोपल्या, आणि मधोमध काटकोनात उभे आप्पासाहेब. कुणी म्हणालं बाम लावा, कुणी म्हणालं शेका. गोजर आपल्या मुलीला, शैलाला, फाळक्यावरून उतरवून घेत होती. तेवढ्यात तिचा नवरा मच्छिंद्र, संघातला कारकून, गर्दी सारून पुढं झाला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "साहेब, काळजीच सोडा. आमची ही पायाळू आहे. हिचा पाय लागला की उसण पळालीच म्हणून समजा." उचलली जीभ लावली टाळ्याला. शैलाला खाली ठेवता ठेवता गोजरचे हात तसेच थांबले. लग्न होऊन आल्यापासून नगरात ही गोष्ट नवऱ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. शेजारणींना नाही, नळावरच्या बायकांना नाही. आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायाकडून बाहेर आलो, एवढाच काय तो आपला गुन्हा, तो इथं कुणाला कळायचा नाही, अशा भरवशावर तिनं इतकी वर्षं काढली होती. आणि या माणसानं तो भरवसा साहेबाच्या कमरेसाठी उधळून टाकला.

मग काय, आप्पासाहेबांना सतरंजीवर पालथं घातलं. "वहिनी, संकोच करू नका," ते सतरंजीत तोंड खुपसून म्हणाले. गोजरनं चप्पल काढली आणि पाय त्यांच्या कमरेला लावला. बायका पदराआड हसल्या. मागून कुणीतरी म्हणालं, मॅनेजरला लाथ घालायची आपली बी लई दिवसांची इच्छा हाय, आणि मग पुरुषही हसले. आप्पासाहेब उठून बसले, इकडं वळले, तिकडं वळले आणि म्हणाले, "खरंच की हो! हलकं वाटतंय." एवढ्या माणसांत पालथं पडून झाल्यावर उठून बसलं की कुणालाही हलकंच वाटणार, पण मच्छिंद्रची छाती अशी फुगली की जणू पाय त्याचाच होता. आप्पासाहेबांच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. बाई पुण्याकडच्या, क्लबात वगैरे जाऊन आलेल्या. त्यांनी या सहलीसाठी एक खेळ काढला होता. बिस्किटांचे पाच पत्र्याचे डबे, त्यांना सोनेरी कागद चिकटवलेला, आत बक्षिसं. सगळे कमरेत गुंतलेले असताना शिपाई कानिफनाथ पोतं खांद्यावर टाकून ते महालात आणि आजूबाजूला दडवून आला होता. "खजिना शोधायचाय!" बाई म्हणाल्या, आणि मग गोजरकडं वळून त्यांनी डोळे मोठे केले, "अय्या, पण पायाळू माणसाला गुप्तधन दिसतं ना हो? मग तुम्हाला तर सगळंच दिसत असेल!" गोजरनं मान खाली घातली. खाली घातली म्हणून दोघातिघांनी तिच्या पायापाशी काही आहे का ते बघून घेतलं.

तिला काय दिसत होतं ते कुणी तिचं नीट ऐकूनच घेतलं नव्हतं. शेवगावकडं तिचं माहेर. गावाबाहेर पांढरीचं टेकाड, जुनं गाव कधीकाळी तिथं नांदून मोडलेलं. पाऊस पडून गेला की त्यात खापरं, मणी, एखादं गंजकं नाणं सापडायचं, आणि त्या एका नाण्यानं सगळ्या गावाची झोप उडायची. तिचा चुलता भीमा त्यात सगळ्यांच्या पुढं. चांगली जमीन, चांगली बैलं, पण जीव सगळा टेकाडात. पोरगी चालायला लागली तसं त्यानं तिला खांद्यावर घेतलं. भर दुपारी, ऊन नुसतं ओतत असताना, तिच्या डोळ्यांत काजळ घालायचं. कसलं काजळ ते देव जाणे, डोळे चरचरायचे, पाणी वाहायचं. मग टेकाडावर उभी करून विचारायचं, "गोजरे, काय दिसतंय?" "मुंगळं," ती म्हणायची, कारण मुंगळेच असायचे. की लगेच तिथं कुदळ. "काय बी न्हाई," म्हणाली तर भीमाकाका बाकीच्यांना समजावायचा, "धन बोलू दीना तिला. राखनदार हाय वर, त्यो तोंड दाबतोय पोरीचं." "घरी जाऊ," म्हणाली तर ते घर खणायला घ्यायचे. हो म्हणा, नाही म्हणा, रडा, गप्प बसा, सगळ्याचा अर्थ एकच. अशा माणसांशी बोलायचं तरी काय? पुढं पुढं तर त्यांनी विचारायचंही सोडलं. नुसते तिच्या डोळ्यांवर डोळे ठेवायचे, ते कुठं थांबतात ते धरायचे आणि तिथं खणायचे. तिनं गव्हाणीकडं बघितलं, गव्हाण उखडली. आडाच्या कडेची फुललेली रुई बघत राहिली, रुई मुळासकट उपटली. एकदा भूक लागली म्हणून ती चुलीकडं बघत बसली होती, आईनं टाकलेली भाकरी कधी फुगते याची वाट बघत. दुसऱ्या दिवशी खेळून परत आली तर चुलीच्या जागी गुडघाभर खड्डा, आणि खड्ड्याच्या कडेला आई, रंगुबाई, चुलीच्या मातीचं एक ढेकूळ हातात धरून बसलेली. आई भांडली नाही, रडली नाही. तिनं पोरीला जवळ ओढलं, तिच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि म्हणाली, "गोजरे, कुटं बघू नगस बाई."

तेव्हापासून गोजर बघत नसे. दिसायचं सगळं, पण नजर कशावर टेकू द्यायची नाही. माशीला बसू न देता हात हलवत राहावं, तशी ती नजर हलवत ठेवायची. गावात म्हणायचे, पोरगी भिरभिरी आहे. सासरी म्हणाले, हिचं कशात लक्ष नाही. डाळ करपायची, दूध उतू जायचं. मच्छिंद्र तर रोज विचारायचा, मी बोलतो आणि तू कुठं बघतेस? कुठंच नाही, हे खरं उत्तर होतं, पण ते दिलं की तो आणखी चिडायचा. एका शैलाकडं तेवढी ती पोटभर बघायची, तेही दुपारी दार लावून, पोर झोपलेली असताना. बघता बघता कधी दारावर थाप पडली तर दचकून दुसरीकडं बघायची, जणू कुणी कुदळ घेऊनच आलं आहे. सवय ती सवय, तिला अक्कल नसते.

आता इथं पुन्हा तेच. खेळ सुरू झाला म्हणजे सगळे पांगायला हवे होते, पण एक माणूस हलेना. कारकून, हिशेबनीस, त्यांच्या बायका, सगळे गोजरच्या मागं. ती चालली की चालायचे, ती थांबली की थांबायचे. "अहो, तुमचं तुम्ही शोधा ना," ती म्हणाली. "तुम्ही व्हा पुढं वहिनी, आम्ही आहोतच," ते म्हणाले. तिनं वैतागून आभाळाकडं बघितलं. आभाळात बघण्यासारखं काही नव्हतं. यंदा ते सगळ्या जिल्ह्यानं बघून बघून झालं होतं, ढग कसा तो माहीत नाही. पण तिनं वर बघितलं म्हणून सगळ्यांनी वर बघितलं, आणि महालाच्या कमानीच्या वरच्या कोनाड्यात सोनेरी कागद चमकला. काय ओरडले लोक! एकाच्या खांद्यावर एक चढून डबा काढला. गोजरनं कपाळाला हात लावला. मग तिनं महालाकडं पाठच करायचं ठरवलं. ती टेकडीच्या कडेला जाऊन खाली बघत उभी राहिली. खाली रस्त्याला दुष्काळी काम चाललं होतं. उन्हात बायका ओळीनं बसून खडी फोडत होत्या. पदर पुढं ओढलेले, घावाचा आवाज वर पोचेपर्यंत हातोडी पुन्हा उचललेली. त्यांत तिच्या माहेरच्याही कुणी असतील. खाली लोक पोटासाठी दगड फोडतायत आणि वर आपण सोनेरी डबे शोधतोय, वेळ नाही काळ नाही, या बाईंना सुचतं तरी कसं, असं मनाशी म्हणताना तिची नजर कधी नव्हे ती जरा थांबली. लगेच मागून दोघं धावले, कडेच्या दगडांत हात घातले आणि दुसरा डबा वर काढला. "बघा! सांगत नव्हतो?" मच्छिंद्र ओरडला. गोजरला वाटलं, हा डबा घ्यावा आणि खाली भिरकावून द्यावा. एवढी मोठी टेकडी पडली होती, त्या कानिफनाथाला लपवायला दुसरी जागा नव्हती? तिसरा डबा एका कारकुनाच्या बायकोला स्वतःच्या अकलेनं सापडला, पण तिचं कौतुक कुणी केलं नाही. ती गोजरच्या शेजारी उभी होती म्हणून सापडला, असं ठरलं.

चौथा डबा शैलाला सापडला. पाच वर्षांची पोर, तिचे डोळे जमिनीपासून असे कितीसे उंच! मोठ्यांना जिथं नुसतं झुडूप दिसतं तिथं तिला आत शिरायची वाट दिसते. ती तरवडाच्या झुडपात शिरली आणि डबा पोटाशी धरून धावत आली. "आई, बघ! आई, बघ ना!" केसांत काड्या, गालावर ओरखडा, डोळे सताड उघडे. गोजरला त्या वैतागातही हसू आलं. आणि मग बाई म्हणाल्या, "अगंबाई, आईवरच गेली की! ही पण पायाळू का हो?" सगळे एकदम शैलाकडं बघायला लागले. हातातल्या डब्याकडं कुणी बघेना, तिच्या डोळ्यांकडं बघत राहिले. ते बघणं गोजरला पाठ होतं. "छे छे," मच्छिंद्र म्हणाला, पण म्हणता म्हणता तोही थांबला. शैला झाली तेव्हा तो संघाच्या कामाला राहुरीला गेला होता. त्यानं गोजरकडं बघितलं. "डोक्याकडून झाली," गोजर म्हणाली. "चारचौघांसारखी."

साफ खोटं होतं. शैलाचे पायच आधी आले होते. दवाखान्यातल्या खाटेवर, कळांनी जीव अर्धा झालेला असताना तिच्या कानावर आया दगडाबाईचा आवाज आला, "पायाळू हाय गं बाई, पायाळू!" त्या आवाजात आनंद होता. मूल वाचेल का, मी वाचेन का, हे तिनं विचारलंच नाही. तिनं दगडाबाईचा हात घट्ट धरला. "मावशी, पाया पडते, कुनाला सांगू नगा." दगडाबाईला त्यातलं काय कळलं असेल कोण जाणे, पण तिनं शब्द पाळला. पाच वर्षं गोजरनं ती गोष्ट पोटात ठेवली होती. शैलानं बघावं, वाटेल तिकडं, वाटेल तितका वेळ, मुंगळ्यांकडं, झाडांकडं, फुगणाऱ्या भाकरीकडं, आणि तिनं बघितलं म्हणून कुणी कुदळ घेऊन धावू नये, एवढं एकच तिला हवं होतं. याच्यापलीकडं तिनं देवाकडं कधी काही मागितलं नव्हतं. आणि आता हे सगळे तिच्या पोरीभोवती उभे. तिनं शैलाला बाजूला ओढलं, इतकं जोरात की तिच्या हातातला डबा पडला, आणि दातओठ खाऊन तिच्या कानात म्हणाली, "शैले, कुठं बघू नकोस. कळलं? कुठंच बघायचं नाही." बोलून झाल्यावर तिला आपलाच आवाज ऐकू आला. पण त्यावर थांबायला सवड नव्हती, बाई हाका मारत होत्या.

पाचवा डबा सापडेना. आणि मोठं बक्षीस नेमकं त्यातच. कानिफनाथाला विचारलं तर तो शपथेवर सांगायला लागला, "पाची ठिवलं साहेब, माज्या हातानं ठिवलं." कुठं कुठं, असं विचारल्यावर चार जागा सांगितल्या आणि पाचवीला डोकं खाजवायला लागला. दुष्काळात तेरावा महिना. सगळ्या महालाची झडती झाली, जिन्यात, खालच्या थडग्यांभोवती (महाल नावाचा, मुळात ती कबरच), वटवाघळांच्या घाणीत. शेवटी त्यांनी गोजरला आणून महालाच्या मधोमध उभी केली. "फक्त एकदा बघा वहिनी." कमानीकमानीत माणसं. वर कबुतरांची फडफड. मच्छिंद्र जवळ येऊन हळूच म्हणाला, "गोजर, बघ ना. साहेब खूश आहेत आज. माझ्यासाठी बघ." त्याचा एवढा मऊ आवाज तिनं लग्नापासून ऐकला नव्हता, आणि त्या मऊपणाचाच तिला सगळ्यांत जास्त राग आला. तिनं डोळे मिटून घेतले. "मला काही दिसत नाही." "डोळे मिटल्यावर कसं दिसेल?" बाई म्हणाल्या. "उघडल्यावरही दिसत नाही. कधीच दिसलं नाही." ते कुणाला पटलं नाही. मुद्दाम सांगत नाही, असं एक जण म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. बाई रुसल्या. पिठलं-भाकरी कशीबशी उरकली. चहासाठी मोठं पातेलं आणलं होतं, पण पाणी प्यायलाच पुरेना, तेव्हा पातेलं ट्रकमधून खाली उतरलंही नाही. चहा नाही म्हणून पुरुषमाणसं आणखी चिडली, आणि त्याचाही दोष कसा कोण जाणे पायाळूवर आला.

परतीच्या ट्रकमध्ये तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. मच्छिंद्र दुसऱ्या बाजूला साहेबांजवळ बसला होता. मधे टोपल्या, सतरंज्या, भांडी. उतारावर ट्रक हिसके देत होता. गोजरच्या मांडीवर शैला इतकी गप्प होती की तिला वाटलं पोर पेंगली. तिनं वाकून बघितलं, तर शैला जागी होती आणि तिचे डोळे आभाळाकडं होते. वर लिंबाच्या फांद्या गेल्या, एक घार गेली, पण ते डोळे कशावरच टेकले नाहीत. गोजरनं तिची हनुवटी आपल्याकडं वळवली. "शैले, काय बघतेस?" "कुठंच नाही," शैला म्हणाली, अगदी शहाण्या पोरीसारखं, सांगितलेलं काम नीट केल्यासारखं. मग आईच्या कानाशी तोंड आणून ती कुजबुजली, "आई, तो डबा त्या मोठ्या पातेल्यात आहे. सकाळी पोत्यात मावला नाही म्हणून त्या मामांनी त्यात ठेवला. मी बघितलं. पण मी सांगितलं नाही. आणि आता पातेल्याकडं पण बघत नाही. बघ, बघत नाही ना मी?"

पोर शाबासकी मागत होती. जे शिकायला गोजरला कितीतरी उन्हाळे लागले, ते पोर एका दुपारी शिकली होती, आणि शिकवणारा भीमाकाका नव्हता, दुसरं कुणी नव्हतं. गोजर गप्प बसली असती तर सगळं भागत होतं. पातेलं संघात गेलं असतं, उद्या कानिफनाथानं उघडलं असतं, चार शिव्या खाल्ल्या असत्या, आणि शैला चारचौघांसारखी राहिली असती. चारचौघांसारखी, आभाळात डोळे टांगून. गोजरला एकदम इतका संताप आला की तो भीमाकाकाचा, मच्छिंद्रचा, बाईंचा की स्वतःचा, हे तिचं तिला कळेना.

"मोठ्यानं सांग," ती म्हणाली.

शैलानं घाबरून तिच्याकडं बघितलं. आई रागावली आहे एवढंच तिला कळलं, कशावर ते कळेना.

"आधी पातेल्याकडं बघ. चांगलं बघ. आणि मोठ्यानं सांग."

शैलानं पातेल्याकडं बघितलं. आधी चोरून, मग सरळ. मग बोट केलं. "त्याच्यात आहे डबा."

कानिफनाथानं सतरंजी सारून झाकण उचललं आणि जीभ चावली. ट्रकमध्ये जो कल्ला झाला तो ऐकून गनीभाई ड्रायव्हरनं गाडीच थांबवली. "म्हणजे हीसुद्धा नक्की!" बाई म्हणाल्या. मच्छिंद्र टोपल्या ओलांडत आला. "गोजर, खरं सांग. पायाळू आहे ना ही? आहे ना?" त्याच्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

"व्हय, हाय," गोजर म्हणाली. नगरात आल्यापासून घासूनपुसून ठेवलेली बोली कुठल्या कुठं गेली. "पायाकडनं झाली. म्या दडवून ठिवलं. पन डबा हिला दिसला त्यो ह्या कानिफनाथानं हिच्यादेखत ठिवला म्हनून. तुमी समदे बी तितंच हुता, एकानं तरी बघितलं का? आता माजी पोर कुटं बी बघंल. जो हिच्या मागनं फिरंल, जो हिला काय दिसतंय म्हनून इचारंल, त्याची गाठ माज्याशी हाय. मंग त्यो साहेब असू द्या, न्हाईतर तुमी."

गनीभाईनं गाडी पुन्हा सुरू केली. मच्छिंद्र जिथं उभा होता तिथंच, टोपल्यांच्या मधे, खाली बसला. शैला आता बघायला लागली होती, एकेकाकडं, सावकाश. बाईंच्या अंबाड्याकडं, आप्पासाहेबांच्या टकलाकडं, कानिफनाथाच्या खाली गेलेल्या मानेकडं. कुणी डोळे चुकवले तरी तिचं बघून होईपर्यंत ती बघत होती. मग वडिलांकडं बराच वेळ बघून तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बाबा, तुमच्या कानात केस का आहेत?"

गोजरनं वळून बघितलं. खरंच होते, काळे, चांगले कुरळे. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि तिला ते आज दिसले.